झुकिनीवर मोझॅक आला, आता कोणतं औषध मारू?

ताई, तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. अर्धा एकर झुकिनी, लागवड जानेवारीच्या सुरुवातीची. पस्तिसाव्या दिवसाच्या आसपास पाच-सहा झाडांची शेंड्याकडची पानं पिवळी-हिरवी, चट्ट्यांची झाली. मग त्यांच्यावर फोड आल्यासारखे उंचवटे आले आणि नवी पानं कातरल्यासारखी अरुंद निघायला लागली. फळांवर गाठी आल्या आणि व्यापाऱ्याने क्रेट परत पाठवले. तुम्ही दोन कीटकनाशकं, एक बुरशीनाशक आणि एक ‘व्हायरसचं औषध’ अशा चार फवारण्या केल्या, तरी तीन आठवड्यांत निम्मा प्लॉट गेला. झाडावर मावा तर दिसत नाही. दुसऱ्या टप्प्याची रोपं ट्रेमध्ये आहेत आणि ती याच प्लॉटला लागून लावायची आहेत. आता कोणतं औषध मारू, आणि रोपं लावू का, हे तुम्ही विचारलंय.

सरळ उत्तर आधी देतो. मोझॅक हा विषाणूचा रोग आहे आणि झाडात शिरलेल्या विषाणूवर औषध नाही, त्यामुळे पाचवी फवारणी करू नका. आणि जुना प्लॉट उभा असताना दुसरा टप्पा त्याच्या शेजारी लावू नका. हा दुसरा मुद्दा पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, कारण तुमचे यापुढचे पैसे त्या ट्रेमधल्या रोपांत अडकले आहेत, शेतात वाकड्या झालेल्या झाडांत नाहीत.

बुरशी पानावर किंवा पेशींच्या मधल्या जागेत वाढते, तिला मारणारं औषध झाडाला न दुखावता देता येतं. विषाणूचं तसं नाही. तो झाडाच्या पेशीत जातो आणि पेशीच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. त्याला मारायचं म्हणजे पेशीच मारावी लागते. दुकानातून ‘व्हायरसचं’ म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक वेळा सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि टॉनिक असतं. त्याने पान चार दिवस गडद दिसतं आणि शेतकऱ्याला वाटतं फरक पडला. पुढची दोन पानं उलगडली की पुन्हा तेच. तुमच्याकडे असंच झालं असणार.

जगात कुठेच असं औषध नाही हे पटावं म्हणून एक उदाहरण देतो. तुमच्या झुकिनीवर ज्या विषाणूचा मला सगळ्यात जास्त संशय आहे तो म्हणजे झुकिनी यलो मोझॅक व्हायरस. हा 1973 मध्ये इटलीत पहिल्यांदा वेगळा काढला गेला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभर सापडायला लागला. फ्रान्समध्ये एर्वे लकोक या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विषाणूचा एक सौम्य प्रकार शोधला. तो रोपांना मुद्दाम टोचायचा, म्हणजे नंतर येणारा जहाल प्रकार झाडात शिरकाव करू शकत नाही. आपण बाळाला लस देतो तशातलाच हा प्रकार म्हणा. इस्रायल, हवाई, तैवान इथेही तो वापरून पाहिला गेला. अमेरिकेत तर विषाणूला दाद न देणारं जनुक-परिवर्तित (जीएम) स्क्वॉश, म्हणजे झुकिनी-भोपळ्याच्या जातीचं पीक, तयार केलं आणि 1994 मध्ये त्याला मोकळीक दिली. बाटलीत भरून फवारण्यासारखं काही असतं, तर या लोकांनी एवढा खटाटोप कशाला केला असता? आपल्याकडे असं भाजीपाल्याचं जीएम बियाणं विकायला परवानगी नाही, तो रस्ता सध्या नाहीच.

आता खरा मुद्दा. मी या पिकांत अनेक वर्षं काढली आहेत आणि शेवटी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो: कीड झाडाला रोग किती वेळात देते? हे कळलं की काय करायचं आणि काय नाही ते आपोआप कळतं.

मावा घ्या. एकदा हातात भिंग घेऊन सकाळच्या उन्हात झुकिनीच्या कोवळ्या पानापाशी बसा. पंखवाला मावा उडत येतो, पानावर उतरतो, दोन पावलं चालतो, थांबतो, मिशा मागे टाकतो आणि सोंड पानाला टेकवतो. तिथे मनात आकडे मोजायला सुरुवात करा. पंधरा, वीस, कधी चाळीस. तेवढ्यात तो सोंड उचलतो, पुन्हा चालायला लागतो, किंवा उडून पुढच्या झाडावर जातो. तो जेवायला बसलेलाच नसतो. हे पान आपल्या कामाचं आहे का, हे तो चव घेऊन बघतो. पण त्या चव घेण्यातच रोगट झाडातला विषाणू त्याच्या सोंडेच्या टोकाला चिकटतो आणि पुढच्या झाडाची चव घेताना तिथे उतरतो. घ्यायला काही सेकंद, द्यायला काही सेकंद.

आता तुमचं कीटकनाशक बघा. चांगल्यातलं चांगलं औषधसुद्धा माव्याला मारायला काही मिनिटांपासून काही तास घेतं. मावा मरतो हे खरं, पण मरण्याआधी त्याने तीन-चार झाडांची चव घेऊन झालेली असते. काही औषधांनी तर तो बेचैन होतो, एका जागी ठरत नाही आणि जास्त झाडं फिरतो. म्हणजे मेलेला मावा बघून आपण समाधान मानतो आणि रोग मात्र पुढे गेलेला असतो. तुमच्या चार फवारण्या वाया का गेल्या, त्याचं कारण हे आहे. औषध बनावट होतं किंवा तुमचं प्रमाण चुकलं असं मी म्हणणार नाही.

तुम्ही लिहिलंय, ‘माझ्या झाडावर मावाच नाही.’ बरोबर आहे, नसेलही. पानाखाली घर करून राहणारा कपाशीचा-काकडीचा मावा हा रोग पसरवतोच, पण त्याच्याइतकाच, काही वेळा त्याहून जास्त, पसरवतो तो वाटसरू मावा. चवळीवरचा काळा मावा, मक्यावरचा मावा, आजूबाजूच्या पिकांवरून आणि तणांवरून उठलेला कसलाही मावा. त्याला झुकिनी नकोच असते. उतरतो, चव घेतो, नाही आवडलं म्हणून निघून जातो. तुम्ही पान उलटून बघता तेव्हा तिथे कोणीच नसतं. शेजारची चवळी काढली, हरभरा वाळला, की पंखवाले मावे उठतात आणि आठ-दहा दिवसांनी काकडीवर्गीय प्लॉटमध्ये नवे चट्टे दिसतात. ही वेळ मी इतक्यांदा पाहिली आहे की आता शेजारी कोणतं पीक कधी निघालं हे मी आधी विचारतो.

पांढऱ्या माशीचं गणित वेगळं. ती जो विषाणू आणते त्याचं नाव टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली व्हायरस. नावात टोमॅटो असला तरी दोडका, काकडी, दुधी, भोपळा, कारलं, सगळीकडे तो जातो, आणि झुकिनीवर फार वाईट. आपल्या देशात सापडलेला हा विषाणू 2012 मध्ये स्पेनमध्ये झुकिनीवर निघाला आणि तिथल्या शेतकऱ्यांची झोप उडाली. पांढऱ्या माशीला तो उचलायला निदान पंधरा-वीस मिनिटं ते अर्धा तास रस शोषत बसावं लागतं. मग तो तिच्या पोटातून लाळेपर्यंत जायला कित्येक तास लागतात. त्यानंतर मात्र ती अनेक दिवस, बऱ्याचदा मरेपर्यंत, तो वाटत राहते. इथे कीटकनाशकाला थोडा वाव आहे, कारण वेळ मिळतो. रोप लावताना आंतरप्रवाही औषधाची आळवणी केली तर माशी रोग देण्याआधी मरण्याची शक्यता बरीच असते. पण एकाच गटाचं औषध तीनदा मारलं, किंवा सरसकट पायरेथ्रॉइड गटाचं कीटकनाशक वापरलं, की तिचे शत्रू मरतात आणि ती उलट वाढते.

पांढऱ्या माशीच्या या विषाणूची लक्षणं ओळखायला सोपी आहेत. शेंड्याची पानं वरच्या बाजूला वाटीसारखी वळतात, शिरा जाड होतात, पेरं आखूड होऊन शेंडा गोळा होतो. तुमच्या वर्णनात पानांवर फोड, कातरलेली पानं आणि फळांवर गाठी आहेत. पान वळल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून माझा कल माव्याच्या मोझॅककडे आहे. त्यातही झुकिनी यलो मोझॅक की पपईच्या रिंगस्पॉटचा काकडीवर्गीय प्रकार की काकडीचा मोझॅक, हे डोळ्यांनी कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. एकाच झाडात दोन-दोन, तीन-तीन सापडतात. पण तिन्ही माव्याचे आहेत, तिन्ही सेकंदांत पसरतात, त्यामुळे उपाय तोच.

फुलकिड्यांचा विषाणू कलिंगडवाल्यांच्या जास्त ओळखीचा आहे. शेंडा उभा राहतो, काळा पडून जळतो, खोडावर करपल्यासारख्या रेघा येतात. इथे फुलकिड्याने पिल्लावस्थेत विषाणू घेतला तरच मोठा झाल्यावर तो देऊ शकतो. तुमच्याकडे तो नाही, म्हणून पुढे जातो.

बुरशीनाशकाची फवारणी का झाली असावी, त्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण हे सतत होतं. दुकानात जाऊन आपण ‘केवडा आलाय’ म्हणतो. भेंडीत केवडा म्हणजे विषाणू, पांढऱ्या माशीने आणलेला, पान पिवळं आणि शिरा पिवळ्या. काकडी-दोडक्यात केवडा म्हणजे डाऊनी, बुरशीजन्य रोग, ज्यावर औषध चालतं. शब्द एक, रोग दोन. तुम्ही झुकिनीचा केवडा म्हटलात, समोरच्याने डाऊनीचं औषध दिलं. फरक बघायचा तर पान पालथं करा. डाऊनीत वरच्या बाजूला शिरांनी आखलेले कोनाकोनाचे पिवळे डाग असतात, सकाळी दवात पान पालथं केलं की खाली राखाडी-जांभळट लव दिसते, आणि सुरुवात जुन्या, खालच्या पानांपासून होते. विषाणू नेहमी शेंड्याकडून बोलतो. पान सूर्याकडे धरा. मोझॅकमध्ये गडद आणि फिके तुकडे काचेच्या नक्षीसारखे आरपार दिसतात, आणि गडद तुकडा बोटाला उंच लागतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या भागात तपासायलाच हवी, कारण ऊस आहे. शेजारच्या उसात टू-फोर-डी तणनाशक मारलं आणि वारा तुमच्याकडे असेल, तर झुकिनीची पानं अरुंद, पंख्यासारखी होतात, शिरा एकमेकींना समांतर धावतात. पहिल्या नजरेला हुबेहूब विषाणू वाटतं. पण त्यात पिवळे-हिरवे चट्टे नसतात, बांधाकडच्या सगळ्या ओळी एकाच दिवशी बिघडतात, आत जावं तसा परिणाम कमी होतो, आणि मात्रा थोडी असेल तर दोन-तीन आठवड्यांत नवी पानं सुधारतात. विषाणू असा एकसारखा येत नाही. तो इकडे एक, तिकडे दोन असा सुरू होतो आणि मग त्या झाडांभोवती वर्तुळ वाढतं. तुमच्याकडे पाच-सहा झाडांपासून सुरुवात झाली, म्हणजे तणनाशक नव्हे. फवारणीचा तोच पंप तणनाशकाला वापरला असेल तर तो मात्र झुकिनीला पुन्हा लावू नका, कितीही धुतला तरी.

भोपळा आणि झुकिनीच्या काही वाणांत पानावर शिरांच्या बेचक्यात चंदेरी ठिपके मुळातच असतात. सगळ्या झाडांवर, सगळ्या पानांवर सारखे. ते रोग नाहीत, त्याला घाबरून झाडं उपटू नका.

आता उभ्या प्लॉटचं काय करायचं. पाच-सहा झाडं होती तेव्हा ती उपटायला हवी होती, त्या दिवशी अर्ध्या एकराचा प्रश्न अर्ध्या तासात सुटण्यासारखा होता. आता निम्मा प्लॉट बाधित असताना एकेक झाड वेचून काढण्यात अर्थ नाही. हिशेब असा करा: जी झाडं आज चांगली दिसतात त्यातल्या अनेकांत विषाणू शिरलेला आहे, फक्त लक्षण दिसायचं बाकी आहे. लागण झाल्यापासून चट्टे दिसेपर्यंत आठ-दहा दिवस जातात. म्हणजे पुढच्या दोन तोड्यांतच जे काय चांगलं फळ मिळेल ते. त्या दोन तोड्यांच्या पैशासाठी दुसरा टप्पा धोक्यात घालायचा का, हे तुम्हीच ठरवा. माझा सल्ला विचाराल तर प्लॉट काढून टाका.

काढायची रीत आहे. आदल्या संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, कीटकनाशकाची एक फवारणी करा, हीच एक फवारणी इथे उपयोगाची आहे. झाड उपटताना त्यावरची पांढरी माशी आणि मावा उठून शेजारी जाऊ नये, एवढाच तिचा उद्देश. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, गारव्यात, माशी सुस्त असते तेव्हा झाडं उपटून गोणीत भरा आणि खड्ड्यात पुरा. बांधावर ढीग मारू नका. उपटलेलं झाड दोन-तीन दिवस हिरवं राहतं आणि तेवढे दिवस त्यातून विषाणू उचलता येतो. फवारणी केलेला पाला जनावरांना घालू नका.

तोडा करणारच असाल तर आधी निरोगी दिसणाऱ्या ओळी, मग रोगट, या क्रमाने करा. झुकिनीचं फळ चाकूने कापतो, त्या चाकूला रस लागतो. माव्याइतकं नाही, तरी रसाने हे विषाणू जातात. काकडीवर्गीय पिकांत एक हिरवा चट्टेदार मोझॅक तर कीटकाशिवायच, हात, चाकू आणि बियाण्यातून पसरतो, त्यामुळे ही सवय असलेली बरी. गाठी असलेलं फळ खाल्ल्याने माणसाला काही होत नाही, झाडाचा विषाणू माणसात वाढत नाही. फवारणीनंतरचे थांबायचे दिवस पाळून घरी खायला हरकत नाही. पण या प्लॉटमधलं बी मात्र धरू नका.

आता ट्रेमधल्या रोपांकडे येऊ. इथेच खरं काम आहे आणि इथेच तुम्ही जिंकू शकता.

विषाणू जितका उशिरा येईल तितकं नुकसान कमी. रोप चार पानांचं असताना लागण झाली तर झाडाकडून एक फळही धड मिळत नाही. फळं धरल्यानंतर झाली तर निम्म्याच्या वर तोडे होऊन जातात. म्हणून रोग पूर्ण थांबवायचा विचार सोडा आणि पहिले 30 ते 35 दिवस झाड विषाणूपासून लांब ठेवायचं एवढं ध्येय धरा. त्यानंतर आला तरी तुमचा हिशेब जमतो.

पहिली गोष्ट जागा. झुकिनी बाजारात सतत हवी म्हणून आपण पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने टप्पे लावतो, आणि सोयीसाठी शेजारी-शेजारी. तिसऱ्या-चौथ्या टप्प्याला पीक उभंच राहत नाही आणि आपण म्हणतो हवा बदलली. हवा नाही बदललेली. जुना टप्पा नव्याला रोग पुरवतोय. नवा प्लॉट शक्य तितका लांब, आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला हवा, कारण मावा वाऱ्याबरोबर वाहतो. जुना प्लॉट काढल्यावर किती थांबायचं, तेही कीड किती वेळ विषाणू बाळगते त्यावर ठरतं. माव्याच्या सोंडेवरचा हा विषाणू काही तासांत निकामी होतो, त्यामुळे प्लॉट साफ झाल्यावर आठवडाभर थांबलात तरी पुरे. पांढऱ्या माशीचा असता तर मी तीन आठवडे सांगितले असते, कारण ती जिवंत असेपर्यंत बाळगते.

आजूबाजूला एक फेरी मारा. बांधावरचा केना काढा, काकडीच्या मोझॅकचा तो जुना आसरा आहे. आपोआप उगवलेली काकडी, कारटी, डांगराचा एखादा वेल कुंपणावर चढलेला असतो, त्याचं शेंड्याचं पान बघा. तोंडलीचा मांडव जवळ असेल तर तोही तपासा, वर्षानुवर्षं उभा राहणारा वेल असल्यामुळे माशीचा विषाणू तिथे मुक्कामाला राहतो. पपईची बाग असेल तर आणखी जपा. पपईच्या रिंगस्पॉटचा जो प्रकार पपईत असतो तो काकडीवर्गीय पिकांतही येतो. उलट्या दिशेने, काकडीवर्गीयांचा जो स्वतःचा प्रकार आहे तो पपईत जात नाही. त्यामुळे पपईवाला शेजारी तुमच्यावर रागावला तर त्याला हे सांगा, आणि त्याची रोगट झाडं मात्र काढायला लावा.

दुसरी गोष्ट क्रॉप कव्हर. कलिंगड-खरबूजवाल्यांनी ते आपल्याकडे रुळवलं, झुकिनीला ते तितकंच लागू पडतं. 17 ते 20 जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) पांढरं न विणलेलं कापड, खाली तारेच्या किंवा बांबूच्या कमानी. माव्याला रोग द्यायला काही सेकंद लागतात, मग त्याला पानापर्यंत पोचूच द्यायचं नाही, हा एकच पक्का मार्ग. झुकिनीचं झाड वेलासारखं पसरत नाही, उभं वाढतं आणि पानं मोठी, म्हणून कमान कलिंगडापेक्षा उंच आणि रुंद घ्या, नाहीतर पान कापडाला टेकतं आणि मावा कापडावरून सोंड खुपसतो. रोप लावल्या दिवशीच संध्याकाळपर्यंत झाका. ‘उद्या झाकू’ म्हणून मोकळी राहिलेली एक सकाळ पुरते. कडा मातीने पूर्ण दाबा, दगड ठेवून भागत नाही, दोन दगडांच्या मधून वारा कापड उचलतो. आणि रोपावर आधीच मावा किंवा माशी असेल तर झाकू नका, आधी ती साफ करा. कापडाखाली लेडीबर्ड भुंगा पोचत नाही, तिथे माव्याला रान मोकळं मिळतं.

मादी फुलं दिसायला लागली, म्हणजे फुलामागे छोटं फळ दिसलं, की कापड काढावं लागतं, मधमाशी आत यायला हवी. झुकिनीत हे साधारण महिन्याभराने येतं. संध्याकाळी काढा, भर उन्हात काढलंत तर कोवळी पानं होरपळतात. काढल्यावर एक-दोन आठवडे फळांची टोकं पिवळी पडून आकसली तर घाबरू नका, ते परागीभवन कमी पडल्याचं लक्षण आहे, गाठी नसतील तर विषाणू नाही.

कापडाखाली चंदेरी मल्चिंग, चंदेरी बाजू वर. आकाशाचा उजेड जमिनीवरून परत फेकला जातो आणि उतरू पाहणारा मावा गोंधळून उतरत नाही. झाडाची पानं निम्म्याहून जास्त पेपर झाकेपर्यंत हे चालतं, नंतर नाही. क्रॉप कव्हरचा खर्च जमत नसेल तर निदान हे तरी करा. काळ्या पेपरने तण थांबतं, मावा नाही.

प्लॉटभोवती मक्याच्या दोन-तीन ओळी लावतात, ते मी सुचवतो, पण अट आहे. झुकिनी लावायच्या तीन आठवडे आधी मका पेरलेला हवा. बरोबरीने पेरला तर झुकिनीला धोका असतो तेव्हा मका वीतभर असतो. माव्याने आधी मक्यात सोंड खुपसली की तिथे सोंडेवरचा विषाणू पुसला जातो, एवढं त्याचं काम. तुमच्या या टप्प्याला ते जमणार नाही, पुढच्याला करा.

कापड काढल्यानंतर फवारायचंच असेल तर बागायतीसाठी मिळणारं खनिज तेल, लेबलवरच्या प्रमाणात, दर आठवड्याला. ते माव्याला मारण्यासाठी नाही. पानावर तेलाचा थर असला की विषाणू सोंडेला नीट चिकटत नाही आणि सुटत नाही. नवं पान आलं की त्यावर तेल नसतं, म्हणून आठवड्याचा वार पाळावा लागतो. कडक उन्हात मारू नका, आणि गंधकाच्या फवारणीच्या मागेपुढे अजिबात नाही, पानं जळतात. भुरीसाठी गंधक मारायची सवय असते म्हणून मुद्दाम लिहितो. पिवळे चिकट सापळे लावा, पण ते कळण्यासाठी. पंखवाले मावे कधी वाढले एवढं ते सांगतात, रोग थांबवत नाहीत.

बियाणं घेताना पाकिटावर रोगांची संक्षिप्त नावं छापलेली असतात. तिथे झेडवायएमव्ही (ZYMV), म्हणजे झुकिनी यलो मोझॅक व्हायरस, ही अक्षरं शोधा, आणि शेजारी एचआर (HR) म्हणजे जास्त प्रतिकारशक्ती की आयआर (IR) म्हणजे मध्यम, तेही बघा. झुकिनीत ही ताकद मुळात डांगराच्या जातभाईंकडून, नायजेरिया आणि पोर्तुगालकडच्या भोपळ्यांतून आणलेली आहे. आयआर लिहिलेल्या झाडालाही लागण होते, पण फळ बऱ्यापैकी सरळ राहतं. ज्या वाणावर काहीच छापलेलं नाही तो उन्हाळ्याच्या तोंडावर लावू नये असं माझं मत आहे, मग तो कितीही लवकर तोड्याला येऊ दे.

खात्री करायची असेल तर तपासणी करून घ्या. शेंड्याची दोन-तीन कोवळी चट्टेदार पानं, कोरड्या कागदात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत, बर्फाच्या डब्यात. सुकलेलं खालचं पान पाठवू नका, त्यात काही सापडत नाही. सोमवारी पाठवा, शुक्रवारी पाठवलेलं पार्सल दोन दिवस पडून सडतं. तुमच्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात आधी फोन करून विचारा. पुण्यात भारतीय कृषी संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र विषाणू रोगांवर काम करतं. पण अहवालाची वाट बघत जुना प्लॉट उभा ठेवू नका.

शेवटी तारखांचं. झुकिनीचं रोप ट्रेमध्ये फार दिवस थांबत नाही, दोन खरी पानं आली की लावावंच लागतं, नाहीतर मुळं गोळा होऊन झाड बसतं. त्यामुळे आज-उद्यात जुना प्लॉट उपटून पुरलात तर याच ट्रेमधली रोपं दुसऱ्या जागेत, मल्चिंग आणि कापडासह, वेळेवर लावता येतील. तोपर्यंत ट्रे जुन्या प्लॉटजवळच्या झाडाखाली न ठेवता घराजवळ, बारीक जाळीत ठेवा, आणि रोपांना हात लावण्याआधी साबणाने धुवा. हे जमणार नसेल तर ही रोपं लावू नका. ट्रे रिकामे करा, बी पुन्हा टाका आणि तेवढ्या दिवसांत जागा साफ करा. कोणत्या दिवशी काय केलंत ते कळवा, आणि कापड काढाल त्या आठवड्यात शेंड्याच्या पानांचे उजेडाकडे धरून काढलेले फोटो पाठवा, मी बघतो.